टाकीतला डावा हात

"काका, बोटं सैल सोडा. मूठ नका आवळू."

"सैलच आहेत गं."

"मग हलतंय काय?"

काकांनी टाकीत वाकून पाहिलं. हात कोपराखालच्या तिळापर्यंत बुडालेला होता आणि बोटं खरंच सैल होती. पण मनगटाच्या थोडं वर, कातडीखाली, बारीकशी थरथर उठत होती आणि विरत होती. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर माशी बसली की कातडी हलते, तशी.

"पाणी गार आहे आज," काका म्हणाले.

पाणी गार नव्हतं. ते कोमट करायचं काम काकांचंच होतं आणि सकाळी आल्या आल्या त्यांनी ते नेहमीसारखं नीट केलं होतं. पण संगणकापुढे बसलेल्या मुलीने मान डोलावली, कारण काका पाण्याबद्दल खोटं बोलतील हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. खरं तर आठवड्याभरापूर्वीपर्यंत ते काकांच्याही स्वप्नात आलं नसतं.

"असू दे," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ."

तिला सगळे गणितवाली म्हणत, कारण यंत्राने गोळा केलेल्या आकड्यांतून चित्र उभं करायचं गणित तिचं होतं. काकांना टाकीवाले काका म्हणत, कारण टाकी भरणं, पुसणं, तिचे नखरे सांभाळणं त्यांच्याकडे होतं. आणि यंत्र मॅडमचं होतं. एवढ्या तीन माणसांची ती प्रयोगशाळा एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होती. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना खाली कुणी काम करतं हे बहुधा ठाऊकच नव्हतं. खिडकी होती, पण तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे.

यंत्र दिसायला काही फार भारी नव्हतं. कपडे धुवायच्या यंत्राचं पोट काढून टेबलावर ठेवावं, तसली एक गोल टाकी आणि तिच्या आतल्या बाजूने छोट्या छोट्या अँटेनांचं कडं. कागदोपत्री त्याला मायक्रोवेव्ह टोमोग्राफी म्हणत. एकेका अँटेनाने पाळीपाळीने लहरी सोडायच्या आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचं. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापतं त्याच जातीच्या लहरी, पण इतक्या अशक्त की त्यांनी चमचाभर चहाही कोमट झाला नसता. मधे जे ठेवलं असेल त्यातून जाताना या लहरी वळतात, मंदावतात, दमतात. कुठे किती दमल्या यावरून, आत विजेला कुठे वाट मिळते आणि कुठे नाही, ते काढायचं. मग काकडी आडवी कापल्यावर चकती दिसावी तशी हाताची चकती पडद्यावर यायची. मांसात पाणी आणि क्षार भरपूर, म्हणून ते लाल. चरबी आणि हाडं निळी. लहरी कातडीवरूनच परत फिरू नयेत म्हणून टाकीत ग्लिसरीन मिसळलेलं पाणी. कापाकापी नाही, एक्स-रे नाही. लहानात लहान दवाखान्यात हे यंत्र बसवता येईल आणि शरीरात काय बिघडतंय ते वेळेवर कळेल, असं मॅडम म्हणायच्या. असं म्हणता म्हणताच त्यांचे केस पिकले होते.

आता यंत्र खरं बोलतंय की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी आत काय आहे हे आधीच पक्कं ठाऊक असलेली वस्तू लागते. सुरुवातीला काका जेली बनवायचे. जिलेटिन, पाणी, तेल आणि मीठ मोजून घालायचं. एक लादी मांसासारखी, एक चरबीसारखी. पण जेली चार दिवसांत सुकायची, नाहीतर तिला बुरशी यायची. अशीच एक बुरसटलेली लादी बाहेर काढताना मॅडम वैतागून म्हणाल्या होत्या, "काका, त्यापेक्षा तुमचा हातच घाला. तो तरी खराब होणार नाही." बोलल्या होत्या थट्टेत, पण त्याची प्रथाच होऊन बसली. रोज सकाळी, दुसरं काहीही करण्याआधी, काकांचा डावा हात. तो कालच्यासारखा दिसला की यंत्र शहाण्यासारखं वागतंय. नाही दिसला, तर यंत्राचं काहीतरी बिनसलंय.

"हा आमचा प्रमाण हात," असं मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, तेव्हा काका वरवर संकोचायचे आणि आतून फुगायचे. उभ्या आयुष्यात त्यांचं उदाहरण कुणी कुणाला दिलं नव्हतं. डाव्या हाताने ते जड पिशवी उचलायचे नाहीत. "हा हात माझा नाही, सरकारी आहे," असं बायकोला ऐकवायचे. "मग सरकारी हाताने भांडी विसळा," ती म्हणायची, "माझा खाजगी हात दमलाय."

गेल्या काही महिन्यांपासून तो हात नीट येत नव्हता.

लाल रंग फिकट पडायला लागला होता. आधी कडेला, मग आतपर्यंत, आणि मधेमधे निळे धागे दिसायला लागले होते. मॅडमनी सगळ्या वायरी बदलल्या. काकांनी टाकी रिकामी करून पुन्हा भरली. तरी लाल फिकटच. शेवटी गणितवालीने गणितात एक दुरुस्ती घातली: येईल तो आकडा थोडा वाढवून घ्यायचा. हात पुन्हा लालबुंद दिसायला लागला आणि तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. थोड्या दिवसांनी रंग परत उतरला. परत दुरुस्ती. असं करता करता यंत्राच्या तोंडात त्यांनी इतके शब्द घातले होते की त्याचं स्वतःचं म्हणणं काय होतं, हे कुणालाच आठवेनासं झालं. चुकायचं ते यंत्रानेच, हे इतकं ठरलेलं होतं की हाताचा संशय कुणाला आला नाही. हाताला कुणी नजर लावून बघतच नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत.

मागच्या आठवड्यात गणितवालीच्या डोक्यात आलं, की जुन्या पद्धतीने एक ताजी जेली करून बघावी. पुढच्या आठवड्यात समिती येणार होती. यंत्र दवाखान्यात न्यायचं की काम इथेच थांबवायचं, हे ती ठरवणार होती. काकांनी जेली केली. मीठ दोनदा तोललं. यंत्राने जेली दाखवली ती लालभडक, मांसापेक्षा कितीतरी जास्त.

"काका, मीठ जास्त पडलं का हो?" गणितवालीने विचारलं होतं.

मीठ जास्त पडलेलं नव्हतं. मीठ बरोबर, पाणी बरोबर, जेली बरोबर. म्हणजे हाताला लाल दाखवण्यासाठी जे आकडे वाढवले होते, तेच आता जेलीलाही फुगवत होते. म्हणजे ते वाढवायलाच नको होते. म्हणजे... याच्या पुढच्या पायरीवर पाय ठेवायची काकांची हिंमत झाली नाही.

"पडलं असेल," ते म्हणाले. "वय झालं आता."

गणितवालीने बिचारीने ते खरं मानलं आणि जेली फेकून दिली. त्या दिवसापासून काकांचा जीव टांगणीला लागला होता. घड्याळाचा पट्टा डाव्या मनगटावर सैल व्हायला लागला, तेव्हा त्यांनी पट्ट्याला नवीन भोक पाडलं आणि चामडं ताणलं गेलं असेल अशी स्वतःची समजूत घातली. सकाळी दाराची किल्ली बोटांतून निसटली, तेव्हा इकडेतिकडे कुणी बघत नाही ना, ते आधी पाहिलं आणि मग ती उचलली. थोरल्या भावाचंही किल्लीपासूनच सुरू झालं होतं. आधी किल्ली, मग कप, मग शर्टाची बटणं. शेवटी वहिनी त्याला चमच्याने भरवायची आणि तो भिंतीकडे बघत घास गिळायचा. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचं टाळून काका खुर्चीत बसून राहायचे. म्हणून ते रोज मनातल्या मनात यंत्रालाच विनवायचे, बाबा, तूच बिघडलेला अस.

आज दुपारी मॅडम आणि गणितवाली जेवायला वर गेल्या. काका डबा उघडून बसले, पण हातातला घास त्यांनी परत डब्यात ठेवला. एक साधी गोष्ट होती. माणसाचे दोन हात थोडेफार सारखेच असतात. उजवा घालून बघायचा. चहा निवेल एवढ्यात चित्र आलं असतं. हे त्यांना जेलीच्या दिवशीच सुचलं होतं आणि तेव्हापासून ते टाळत आले होते. मॅडम एकदा म्हणाल्याही होत्या, की दुसऱ्या कुणाचा तरी हात घालून बघू का, तर काकांनीच फाटे फोडले होते. प्रत्येकाचा हात वेगळा मॅडम, तुलना कशाशी करणार? मॅडमना ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं ते, आणि म्हणूनच काकांना जास्त लाज वाटली होती.

त्यांनी डबा बंद केला आणि उजवा हात टाकीत घातला.

डाव्या हाताने बटण दाबलं. यंत्र नेहमीसारखं बारीक टकटकत राहिलं. खिडकीबाहेर कुणाच्या तरी चपला थांबल्या, बोलत उभ्या राहिल्या, निघून गेल्या. काकांना वाटलं, दोघी आत्ता खाली याव्यात, काहीतरी निघावं, वीज जावी. काही झालं नाही. चित्र आलं.

लालभडक. जेलीसारखं. मीठ जास्त पडल्यासारखा हात.

काकांनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरले, एक ओला, एक कोरडा. आता न बघून सोय नव्हती. डावा हात अंगठ्याच्या खाली बसला होता, आणि मनगटाच्या वर कोपराकडे जाताना जी गोलाई असायची ती निघून गेली होती. रोज सकाळी ज्या हाताला त्यांनी पाण्यात धरलं, तो हात त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलाच नव्हता. त्यांनी चित्र पुसून टाकलं, टॉवेल घेतला आणि हात कोरडा झाला तरी पुसत राहिले.

मॅडम खाली आल्या त्या काहीतरी ठरवूनच. त्या बसल्या नाहीत.

"उद्या मीच समितीला सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "यंत्र भरवशाचं नाही. एकच हात रोज वेगळा दाखवतं, ताजी जेली चुकीची दाखवते. हे घेऊन मी आजारी माणसांपुढे जाऊ शकत नाही."

"माझ्या गणितात असेल चूक," गणितवाली म्हणाली. "मॅडम, चार दिवस मागून घ्या ना. मी सगळं पहिल्यापासून तपासते."

"तू तीन वेळा तपासलंयस. तुझी चूक नाही ही. यंत्राची आहे, म्हणजे माझी."

काका टॉवेलची घडी घालत होते. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना हायसं वाटलं. उद्या यंत्राला दोषी ठरवलं की झालं. टाकी पुसून कोपऱ्यात जाईल, काकांची बदली वरच्या मजल्यावर होईल, आणि डाव्या हाताची चौकशी करायला या जगात कुणी उरणार नाही. हे वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ मॅडमचा चेहरा दिसला. इतक्या वर्षांचं काम स्वतःच्या तोंडाने खोटं म्हणायला निघालेली बाई, आणि तिच्या समोर टॉवेलची घडी घालत उभा असलेला आपण. शिवाय यंत्राला बदनाम करून हात थोडाच भरून येणार होता.

"मॅडम, यंत्र बरोबर आहे," काका म्हणाले.

"काका, आता धीर देऊ नका मला."

"धीर नाही देत. दुपारी मी उजवा हात घालून बघितला. तो जेलीसारखा आला. आणि जेलीत मीठ बरोबर होतं. दोनदा तोललं होतं मी. तेव्हा खोटं बोललो."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. गणितवालीची मात्र खुर्ची फिरली होती. तिचं डोकं पुढे धावलं होतं, आणि कुठे पोचणार हे कळायच्या आत तिची बोटं चालायला लागली होती. तिने एकेक दुरुस्ती काढून टाकली.

"काका, उजवा हात घाला बरं."

काकांनी घातला. चित्र आलं: बेताचा लाल, नीटस निळी हाडं. वर्षापूर्वीचा डावा हात असाच दिसायचा. तिने जेलीचे जुने आकडे काढले, तेही बिनदुरुस्तीचे. जेली जशी असायला हवी होती, अगदी तशीच निघाली.

"बरोबर आहे!" गणितवालीने टाळी वाजवली. "मॅडम, पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, काहीच बिघडलेलं नव्हतं!"

बोलता बोलता तिने डाव्या हाताची सगळ्या महिन्यांची चित्रं एका रांगेत लावली होती. लाल मागे मागे सरत गेलं होतं. शेवटच्या चित्रात ते आतल्या बाजूला उरलं होतं, आणि त्याच्या जागी निळं आलं होतं. तिचे हात टाळी वाजवल्यासारखेच जुळलेले राहिले. मग तिने ते हळूच मांडीवर ठेवले.

मॅडमनी मोठा श्वास सोडला होता, आणि तो सोडल्याची त्यांना लगेच लाजही वाटली होती. काकांना दोन्ही दिसलं. त्यांना राग आला नाही. त्यांच्या जागी ते असते तर त्यांनीही सोडला असता.

"जरा हसा की आता," काका म्हणाले. "इतकी वर्षं आपण आपल्याला जे ठाऊक होतं तेच त्याला दाखवत बसलो. पहिल्यांदा त्याने आपल्याला काहीतरी सांगितलं."

गणितवाली रडायला लागली. "मी तुमचा हात रंगवत बसले होते, काका. आकडे वाढवून वाढवून. महिने गेले त्यात."

"तू रंगवलास, मी रंगवून घेतला. गप आता. मलाही रडू येईल, आणि मला ते नाही जमत."

मॅडमनी फोन हातात घेतला होता. "माझी एक मैत्रीण आहे, नसांच्या आजारांची डॉक्टर. उद्या सकाळीच जाऊ."

"उद्या सकाळी समिती आहे."

"खड्ड्यात गेली समिती."

"नाही मॅडम. समितीला दोन्ही हात दाखवा. शेजारी शेजारी. मग दुपारी जाऊ डॉक्टरांकडे." काकांचा आवाज इथपर्यंत ठीक होता. मग त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. "मला भीती वाटतेय हो," ते म्हणाले. "आमच्या थोरल्याचं बघितलंय मी."

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने काका उठले.

"आज लवकर जातो. घरी सांगायला हवं. चार परक्या माणसांना तिच्या आधी कळलं, तर ती मला घरात घ्यायची नाही."

काकू घरी पडदे शिवून द्यायच्या. काका दारात आले तेव्हा त्या शिलाईयंत्रावर वाकल्या होत्या आणि निळं कापड खोलीभर पसरलेलं होतं. उद्याच्या समितीची धास्ती त्यांनी काकांपेक्षा जास्त घेतली होती. काम थांबलं तर या वयात काकांना कोण ठेवून घेणार, हा घोर त्या बोलून दाखवायच्या नाहीत, पण लावून घ्यायच्या.

"लवकर आलात? यंत्राचं काही झालं का?"

"सापडलं. यंत्र बरोबर आहे. काही दोष नाही त्यात."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

काकूंनी पायडलवरचा पाय काढला आणि डोळे मिटून घेतले. "देवा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून एकच शिवण तीनदा उसवली मी. हात चालेना." मग त्या उठल्या आणि त्यांना काय बोलू नि काय करू असं झालं. लेकीला कळवायला हवं. मॅडम बिचाऱ्या किती दमल्या असतील. आता नवीन दवाखान्यात यंत्र गेलं तर काकांनाही तिकडे जावं लागेल का, आणि तसं असेल तर बसने की कसं. पानं घेताना त्या बोलत होत्या, वाढताना बोलत होत्या. कित्येक आठवड्यांत काकांनी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. सांगायचं वाक्य त्यांच्या ओठावर आलं, त्यांनी ते घासाबरोबर गिळलं. जेवण होईपर्यंत तरी असू दे, असं त्यांना वाटलं. तिला पुन्हा कधी असं हसताना बघायला मिळेल, याचा काही भरवसा नव्हता.

"तुम्ही का गप्प?" शेवटी काकूंनी विचारलं. "सुटलात की आता."

काकांनी घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि डावा हात टेबलावर, त्यांच्यासमोर, उताणा ठेवला.

"हा जरा धरून बघ."

"काय झालं? लागलंय का?"

"नाही. बघ तू."

काकूंनी पदराला बोटं पुसली आणि हात हातात घेतला. त्यांनी तो मनगटापासून वर, अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून चाचपायला सुरुवात केली, कापड कुठे विरलंय ते बघतात तसं, न बघता, नुसत्या स्पर्शाने. त्या काहीतरी थट्टेचं बोलणार होत्या. तोंड उघडलेलंच राहिलं. बोटं मनगटाच्या वर थांबली, थोडी मागे आली, पुन्हा त्याच जागी जाऊन थांबली.

"इथून," त्या म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "तिथूनच."

काकूंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि तशाच बसून राहिल्या. टेबलावरची खरकटी ताटं सुकत होती, आणि उचलायला कुणी उठलं नाही.